धूळपाटीवर गिरवलेला प्रश्न

मार्टिन लूथरच्या एका छोट्या पुस्तकानं धर्मशिक्षण चर्चच्या व्यासपीठावरून उतरवून थेट घरातल्या जेवणाच्या पंगतीत आणलं. हेच पुस्तक तीनशे वर्षांपूर्वी तमिळ किनाऱ्यावर पोचलं. पाठोपाठ तमिळ बायबल आलं आणि ते तंजावरच्या मराठी राजाच्या एका शिपायाच्या हाती पडलं. पुढं काय घडलं?

१७०६ सालची गोष्ट. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी गावात एका म्हाताऱ्या पंतोजींची शाळा भरली होती. जमिनीवर वाळू पसरलेली. पोरं बोटानं त्यावर अक्षरं गिरवत होती आणि गिरवता गिरवता मोठ्यानं म्हणत होती. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर मुळाक्षरं गिरवायचे ना, अगदी तस्संच! फक्त पोरांच्या त्या रांगेत मांडी घालून एक गोरा जर्मन तरुणही बसला होता. वय अवघं चोवीस. तोही बोट वाळूत खुपसून 'अ, आ' गिरवत होता.

त्याचं नाव बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग. तरंगमबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती. डॅनिश लोक गावाला 'त्रांकेबार' म्हणत. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं धर्मप्रसारासाठी पाठवलेले झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाऊ हे दोन लूथरन पाद्री ९ जुलै १७०६ रोजी इथं उतरले. शिकवायला आलेल्या माणसाला आधी शिकावं लागतं, हे झीगेनबाल्गला आल्या आल्याच उमगलं. म्हणून त्यानं पंतोजींना गळ घालून त्यांची शाळाच आपल्या घरी भरवायला लावली आणि स्वतः पोरांच्या रांगेत जाऊन बसला.

वरवर पाहता ही एका परदेशी माणसाच्या चिकाटीची गोष्ट वाटेल. पण लूथरन पंथात बायबलचा अभ्यास कसा करतात आणि का करतात, याचं बीज त्या वाळूतच सापडतं.

घराघरात पोचलेलं पुस्तक

लूथरन म्हणजे कोण? जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन लूथर याची परंपरा मानणारे ख्रिस्ती. १५१७ साली विटेनबर्ग इथं लूथरनं चर्चच्या पापक्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोपात खळबळ उडाली. माणसाचा उद्धार पैसे मोजून होत नाही, की पुण्याचा साठा करूनही होत नाही. तो देवाच्या कृपेनं आणि श्रद्धेनं होतो, असं त्याचं सांगणं. ही कृपा बायबलमधून कळते. मग बायबल फक्त लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंच्या हाती कसं राहील? लूथरनं १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ पर्यंत संपूर्ण बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणलं.

पण पुस्तक हाती आलं म्हणजे ते डोक्यात शिरतंच असं नाही. १५२८ च्या सुमारास सॅक्सनी प्रांतातल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा लूथरला धक्काच बसला. खेड्यातल्या लोकांना धर्माची अगदी प्राथमिक गोष्टही ठाऊक नव्हती. काही पाळकांनासुद्धा धड शिकवता येत नव्हतं! त्या अस्वस्थतेतून १५२९ साली दोन पुस्तकं निघाली. पाळकांसाठी मोठी प्रश्नोत्तरी आणि घरोघरच्या मंडळींसाठी लहान प्रश्नोत्तरी.

ही लहान प्रश्नोत्तरी खरोखरच लहान आहे. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांची कबुली आणि प्रभुभोजन, एवढेच तिचे विषय. त्यातले काही भाग तर आधी मोठ्या कागदावर छापून भिंतीवर चिकटवण्यासाठी काढले होते. आणि ते शिकवायचे कुणी? पाळकानं नव्हे, तर घरच्या कर्त्यानं, आपल्या मुलाबाळांना आणि नोकरचाकरांना. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणून घेत, त्या वेळेची आठवण व्हावी असाच हा बेत.

पण परवचा आणि प्रश्नोत्तरी यांत एक फरक आहे. दर आज्ञेनंतर, प्रार्थनेच्या दर वाक्यानंतर लूथर थांबतो आणि एक बाळबोध प्रश्न विचारतो. याचा अर्थ काय? नुसतं म्हणून दाखवलं की सुटका नाही!

शेजारणीबद्दल बोलताना...

आणि हे अर्थ मोठे मजेदार आहेत. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा लूथरन मोजणीत आठवी येते. इतर बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांत तिचा क्रमांक नववा. वाचताना वाटतं, हा कोर्टकचेरीचा मामला. आपण कशाला कुणाविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहतोय? पण लूथर ही आज्ञा कोर्टातून काढून थेट ओट्यावर आणून ठेवतो. चुगली करू नका, कुणाचं नाव खराब करू नका, असं तो सांगतो. एवढ्यावरही थांबत नाही. उलट शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा, असा त्याचा आग्रह. वाळवणं राखता राखता रंगणाऱ्या गप्पांना ही कसोटी लावली, तर किती गप्पा टिकतील?

दुसरं उदाहरण रोजच्या भाकरीचं. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे आजची भाकर मागितली जाते. लूथरच्या हिशेबी या भाकरीत काय काय येतं? अन्नवस्त्र तर येतंच. शिवाय घरदार, गुरंढोरं, पैसाअडका, चांगला जोडीदार, गुणी मुलं, नेक राज्यकर्ते, वेळेवरचा पाऊस, निरोगी शरीर आणि चांगले शेजारीसुद्धा! पाच-सहा शब्दांच्या मागणीत त्यानं अख्खा संसार बसवला आहे.

शिकवण्याची रीतही त्यानं सांगून ठेवली. आधी शब्द पक्के करा. ते वारंवार बदलू नका, नाहीतर मुलं गोंधळतात. शब्द बसले की मग अर्थ सांगा. अर्थ उमगला की पुढच्या पुस्तकाकडे वळा. आणि ज्यांना आपण फार शिकलो असं वाटतं त्यांच्यासाठी त्यानं स्वतःचंच उदाहरण दिलं. एवढा मोठा पंडित, पण रोज सकाळी लहान मुलासारखे हेच पाठ म्हणायचा. आपण अजून या पुस्तकाचे विद्यार्थीच आहोत, असं म्हणायचा.

चीजच्या डब्यांतून अक्षरं

हीच लहान प्रश्नोत्तरी झीगेनबाल्गनं पहिल्या काही महिन्यांतच तमिळमध्ये आणली. १७०७ मध्ये तरंगमबाडीत मुलांबरोबर मुलींसाठीही शाळा निघाली. पुण्यात फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे त्यानंतर १४१ वर्षांनी. झीगेनबाल्गच्या शाळेत मुली मूठभरच होत्या आणि शिकवण्याचा हेतूही धर्माचाच होता, हे खरं. पण ज्या पंथात घरच्या घरी अर्थ सांगायचा, तिथं आईला वाचता न येऊन कसं चालेल?

वाट मात्र सोपी नव्हती. वसाहतीच्या गव्हर्नरला हे पाद्री डोईजड वाटत. एका गरीब तमिळ विधवेच्या कर्जाच्या वादात झीगेनबाल्गनं तोंड घातलं आणि १७०८ च्या अखेरीस त्याला चार महिने किल्ल्यात कैद भोगावी लागली. ख्रिस्ती पाद्र्याला ख्रिस्ती गव्हर्नरनंच कोंडलं!

सुटल्यावर त्यानं नव्या कराराचा तर्जुमा १७११ पर्यंत हातावेगळा केला. आता तो छापायचा कसा? लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेनं छापखाना पाठवला. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि सोबतचा मुद्रक प्रवासातच वारला. यंत्र तेवढं कसंबसं पोचलं. जर्मनीतल्या हाले शहरातून तमिळ खिळे आले, तर ते एवढे मोठे की कागद पुरेना. शेवटी तरंगमबाडीतच लहान खिळे ओतले. त्यासाठी लागणारं शिसं इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं होतं, असं सांगतात. १७१५ साली नवा करार छापून पुरा झाला. कुठल्याही भारतीय भाषेत छापलेला हा पहिला नवा करार.

या माणसाचा आणखी एक उद्योग सांगायलाच हवा. त्यानं तमिळ लोकांना पत्रं लिहून त्यांच्या धर्माबद्दल, चालीरीतींबद्दल, ख्रिस्ती लोकांविषयीच्या मतांबद्दल प्रश्न विचारले. उत्तरं मोकळेपणानं आली. त्यांतल्या ९९ पत्रांचे जर्मन तर्जुमे हाले इथं छापले गेले. युरोपियन ख्रिस्ती बोलतात एक आणि वागतात दुसरंच, अशी कानउघाडणीही त्या पत्रांत आहे. याचा अर्थ काय, हा प्रश्न आता उलट्या दिशेनंही विचारला जात होता. दक्षिण भारतातल्या देवदेवतांवरही झीगेनबाल्गनं एक मोठा ग्रंथ लिहिला. पण हालेच्या वरिष्ठांना तो रुचला नाही. आम्ही तुम्हाला तिथं पाठवलं ते कशाला, असा त्यांचा सूर. तो ग्रंथ छापला गेला थेट १८६७ मध्ये, मद्रासला. झीगेनबाल्ग मात्र १७१९ सालीच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला होता.

मराठी राजाचा शिपाई

तरंगमबाडीच्या वेशीबाहेर तेव्हा राज्य होतं तंजावरच्या भोसल्यांचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी स्थापलेलं हे मराठी राज्य. त्या फौजेत राजनायकन नावाचा एक तमिळ शिपाई होता. जन्मानं परया, म्हणजे तेव्हा अस्पृश्य गणलेल्या जातीचा. घराणं कॅथलिक. १७२७ च्या सुमारास तरंगमबाडीत छापलेलं शुभवर्तमानांचं तमिळ पुस्तक त्याच्या हाती आलं.

शिपायानं ते वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. मग तो तरंगमबाडीशी जोडला गेला, फौजेतली चाकरी सोडून उपदेशक झाला आणि तंजावरच्या मुलखात गावोगाव फिरून शिकवू लागला. मारहाण झाली, धमक्या आल्या, तरी तो मागं हटला नाही. १७७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यानं हेच काम केलं. शास्त्र सामान्य माणसाच्या हाती द्या, पुढचं ते शास्त्र बघून घेईल, असं लूथर म्हणत होता. त्याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आणि इथंच गोष्टीला गाठ बसते.

भारतीय माणसाला पाळकपदाची दीक्षा द्यायची वेळ आली, तेव्हा १७३३ साली आरोन यांची निवड झाली. ते भारतातले पहिले प्रॉटेस्टंट भारतीय पाळक. जातीनं वेल्लाळ, म्हणजे उच्च गणल्या जाणाऱ्यांपैकी. राजनायकनचं नावही चर्चेत आलं होतं. त्याच्या श्रद्धेबद्दल, कामाबद्दल कुणाला शंका नव्हती. पण त्याच्या हातून वरच्या जातीचे ख्रिस्ती प्रभुभोजन घेतील का? मिशनऱ्यांना ती धास्ती वाटली. राजनायकन जन्मभर उपदेशकच राहिला.

प्रश्नोत्तरीत प्रभुभोजनाचं प्रकरण आहे. तिथंही लूथर विचारतो, याचा अर्थ काय? उत्तरात कुठंही जात नाही. चर्चमध्ये मात्र जातीजातींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या. पाठ चोख होता, अर्थ मात्र दाराबाहेरच अडला!

श्वार्ट्झ आणि सरफोजीराजे

पुढं १७५० मध्ये ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हा लूथरन पाद्री भारतात आला. ४८ वर्षं इथंच राहिला आणि इथल्याच मातीत मिसळला. आधी तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर. तुळजाजीराजांचा त्याच्यावर एवढा विश्वास की १७८७ मध्ये अंतकाळी त्यांनी आपला दत्तक मुलगा त्याच्यावर सोपवला. हा मुलगा म्हणजे पुढं सरस्वती महाल ग्रंथालयामुळं नावाजलेले दुसरे सरफोजीराजे. गादीच्या तंट्यात मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झनं त्यांना मद्रासला हलवून तिथं शिक्षणाची सोय केली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

नवल असं की सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते शेवटपर्यंत निष्ठावान हिंदू राहिले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. आणि त्याच मंदिराशेजारच्या चर्चमध्ये श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक उभारलं, तेही त्यांनीच. इंग्लंडचा नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनी ते घडवून घेतलं. त्या शिल्पात मृत्युशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेऊन राजा उभा आहे. १८०५ मध्ये सरफोजींनी तंजावरात देवनागरी छापखानाही काढला. त्यात इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावानं मराठीत छापल्या गेल्या. गुरूचा धर्म घेतला नाही, पण छापील पुस्तक मुलांच्या हाती द्यायचा नाद मात्र राजांनाही होता.

जातीचा तिढा मात्र श्वार्ट्झलाही सुटला नाही. तंजावरची मंडळी पुढं अँग्लिकनांकडे गेली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधले जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मंडळीच फुटली. खुद्द श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेले नामवंत तमिळ कवी वेदनायगम शास्त्री त्या हुकमाच्या विरोधात उभे राहिले.

आजचा वर्ग

१९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च ही स्वतंत्र भारतीय संस्था झाली. तिचं मुख्यालय तिरुचिरापल्लीत आहे, पण तिच्या बिशपना आजही 'त्रांकेबारचे बिशप' म्हणतात. त्याच साली रांचीकडचं गॉस्नर लूथरन चर्चही स्वायत्त झालं. तिथल्या उरांव, मुंडा अशा आदिवासी घरांत हीच प्रश्नोत्तरी पोचली आहे.

लूथरन मंडळीत धर्मशिक्षणाची चढण ठरलेली असते. लहानग्यांसाठी रविवारची शाळा. तिथं गोष्टी, गाणी आणि पाठांतर. किशोरवयात दृढीकरणाचा वर्ग. त्यात प्रश्नोत्तरी शिकायची आणि मग सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडानं सांगायची. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी जे कबूल केलं, ते आता मुलानं स्वतः कबूल करायचं. मोठ्यांसाठी उपासनेतली वाचनं आणि प्रवचन, शिवाय आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी चर्चमध्ये किंवा कुणाच्या तरी घरी बायबलचा अभ्यास.

या अभ्यासाला एक खास लूथरन वळण आहे. उतारा वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. देव काय मागतो ते नियमशास्त्र आणि देव काय देतो ती सुवार्ता. उदाहरणार्थ, उधळ्या पुत्राची गोष्ट. वाटणी मागून घर सोडणाऱ्या, पैसा उडवून डुकरं राखायची पाळी आलेल्या मुलाची. बापाशी असं वागू नये, एवढाच बोध घेतला तर तो झाला नियम. पण मुलगा अजून दूर आहे, त्यानं क्षमाही मागितलेली नाही आणि म्हातारा बाप आपला मान विसरून त्याच्याकडे धावत सुटतो, ती सुवार्ता. आणि घरात राहून रुसलेला थोरला भाऊ? त्याचं पुढं काय झालं, ते येशूनं सांगितलेलंच नाही. गोष्ट तिथं उघडीच राहते. गटात सगळ्यात जास्त चर्चा रंगते ती याच मुद्द्यावर. कारण प्रत्येक घरात एक थोरला असतोच!

अडचणीही आहेत. पाठांतराच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, पण अर्थ विचारला की मुलं एकमेकांकडे बघतात. शब्दांवरचा जीव कधी कधी अर्थाच्या आड येतो. योहान फिलिप फॅब्रिशियस यानं अठराव्या शतकात केलेला तमिळ तर्जुमा लूथरन मंडळ्यांना एवढा प्यारा की पुढं नवे तर्जुमे निघाले, तरी त्यांनी तो कित्येक वर्षं सोडला नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण घरची. लूथरनं ज्यांच्यावर भरवसा टाकला ते आईबापच आता म्हणतात, विचारायचं ते रविवारच्या शाळेत विचार!

उत्तर द्यायचं राहिलं होतं

राजनायकनच्या गोष्टीचा शेवट तंजावरात झाला नाही. सुमारे दोन शतकांनी मद्रासच्या गुरुकुल लूथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविद्येचा विभाग सुरू झाला आणि अरविंद निर्मळ यांनी त्याची धुरा वाहिली. जुन्या करारात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगत देवापुढं उभा राहतो. निर्मळ यांनी तो उतारा घेतला आणि विचारलं, गावकुसाबाहेर टाकलेल्या आमच्या पूर्वजांची आठवण आम्ही कुठल्या शब्दांत सांगायची? ज्या पंथानं राजनायकनला वेदीपाशी उभं राहू दिलं नाही, त्याच पंथाच्या कॉलेजात हा प्रश्न आता अभ्यासाचा विषय झाला. चर्चमधल्या वेगळ्या जागा मोडल्या, पण तमिळ ख्रिस्ती घरांत लग्नं जुळवताना जात अजूनही विचारली जाते. म्हणजे उत्तर अजून पुरतं पाठ झालेलं नाही.

२००४ च्या त्सुनामीत तरंगमबाडीचा किनाराही उद्ध्वस्त झाला. झीगेनबाल्गनं बांधलेलं १७१८ चं न्यू जेरूसलेम चर्च मात्र आजही उभं आहे आणि त्याची कबर त्याच चर्चमध्ये आहे. वाळूत गिरवलेली त्याची अक्षरं त्याच दिवशी पुसली गेली असतील. पण वर्गातली एखादी चिमुरडी पाठ घडाघडा म्हणून दाखवते, मग थबकते आणि आईकडे वळून विचारते, "अगं आई, पण म्हणजे काय?" तेव्हा खरा धडा सुरू होतो. त्या वेळी आईनं हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याजवळ बसावं, एवढीच त्या चिमुकल्या पुस्तकाची अपेक्षा आहे.